सुध्याचं आजारी फोल्डर

पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो, तेव्हा मोबाईल वाजला. पलीकडून मंगलावहिनी काहीतरी सांगत होत्या आणि माझ्या कानाशी भाजीवाला "ताजी मेथी, ताजी मेथी" म्हणून ओरडत होता. मी दोनदा म्हणालो, "काय? मोठ्यानं बोला." तिसऱ्यांदा त्या खरंच मोठ्यानं बोलल्या, "भाऊजी, हे गेले." ... ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेला, तिला ती बातमी ओरडून सांगायला लावणारा माणूस मी. भाजीवाल्यानं जुडी पिशवीत टाकली, मी पिशवी घेतली आणि ती तशीच हातात धरून सुध्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत गेल्यावर कुणीतरी माझ्या हातातली मेथी काढून घेतली.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. सुधाकर हे नाव त्याच्या रेशनकार्डावर होतं, आम्हा शाळेतल्या मित्रांचा तो सुध्या. सकाळी चहा घेऊन तो नेहमीसारखा कॉम्प्युटरपुढे बसला आणि खुर्चीतच गेला. हेडफोन गळ्यात होते. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, आणि आलेल्या प्रत्येकानं "सुखाचं मरण आलं हो" असं म्हणून घेतलं. मला मात्र त्या दिवशी कुणाशी बोलवेना, कारण गेली तीन वर्षं आमचं धड बोलणंच नव्हतं आणि त्याला कारण मी होतो. ते कारण आज सांगायला बसलो आहे.

नव्वद सालाच्या आगेमागे सुध्यानं घराच्या पुढच्या खोलीत कॅसेटचं दुकान काढलं. तेव्हा लोक गाण्यांची यादी कागदावर लिहून आणायचे आणि सुध्या ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. यादीप्रमाणे मुकाट्यानं भरेल तर तो सुध्या कसला! एकानं होणाऱ्या बायकोसाठी यादी आणली, तर पहिलंच गाणं ताटातुटीचं. "अरे, लग्न ठरलंय ना तुझं? मग हे शेवटी घेऊ, दोन-तीन वर्षांनी कामाला येईल," असं म्हणून यानं परस्पर क्रम बदलला. पण त्याचा खरा जीव दुकानात नव्हताच. रविवार आला की स्कूटरच्या पुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि निघायचा. दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीवर आलेल्या बाया गायच्या, पेठच्या डोंगरात भात लावताना म्हातारी माणसं गायची, आमच्या मखमलाबादच्या मळ्यांत फुलं तोडताना गाणी व्हायची. ज्यांचा आवाज कुणी कधी भरून घेणार नव्हतं, त्यांचाच हा भरून घ्यायचा. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "तू पोरांना गणित कशाला शिकवतोस?" म्हणाला. पगारासाठी, असं मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे इतक्या कीवेनं पाहिलं की मी विषय बदलला.

त्याची एक सवय होती. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी तो स्वतः माईकमध्ये बोलायचा. वार कोणता, गाव कुठलं, कोण गाणार, आभाळ आलंय का, न्याहारीला काय मिळालं, सगळं. शेवटी ठरलेलं वाक्य, "आवाज येतोय का?" रेकॉर्डिंग घरी असलं की मधल्या दारापलीकडे स्वयंपाकघरातून मंगलावहिनी उत्तर द्यायच्या, "येतोय, बोला." इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही. त्या पोळी लाटत असोत, रुसलेल्या असोत, उत्तर यायचंच. वहिनी सांगायच्या की भांडण झालं की अबोला मोडायला हे मुद्दाम रेकॉर्डिंग ठेवतात. मग गाणं पक्कं भरलं गेलं की सुध्या घरी ठेवायच्या नकलेतून सुरुवातीचं आपलं हे सगळं बोलणं गाळून टाकायचा. "पोस्टमननं पत्रात आपला मजकूर घालायचा नसतो," हा त्याचा नियम. मूळ कॅसेटही तो ठेवायचा नाही. ज्याचा आवाज त्याच्या घरी, असं म्हणून गाणाऱ्याच्या हातात देऊन टाकायचा.

मग कॅसेटी संपल्या आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला सुध्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. आता तो थेट त्याच्यातच रेकॉर्ड करू लागला आणि त्याच्या आयुष्यात एक नवं खूळ शिरलं. काही फायली झोकात उघडायच्या आणि काही उघडायच्याच नाहीत. सॉफ्टवेअर पडद्यावर एक चौकोन दाखवायचं, की ही फाईल वाचता येत नाही, आणि पुढे गप्प. सुध्यानं अशा फायलींसाठी एक वेगळं फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'आजारी'. शेजारी शाळेची दोनशेपानी वही. त्यात फाईलचं नाव, लक्षण, केलेला उपाय, गुण आला की नाही. काही पुण्याहून कुणाच्या भाच्यानं आणलेल्या, वेगळ्याच प्रकारच्या असायच्या. त्यांच्यासाठी तो कुठून कुठून लहान लहान प्रोग्रॅम मिळवून आणायचा आणि त्या चालू व्हायच्या. पण खऱ्या हट्टी फायली त्याच्या स्वतःच्या होत्या. आपल्याकडे लोडशेडिंगचे ते दिवस आठवत असतील. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की फाईल अर्धवट राहायची. गंमत अशी, की तिचा आकार पाहावा तर मोठा दिसायचा, म्हणजे आवाज आत आहे, पण उघडायला जावं तर नाही. हे मला त्यानं आमच्या भाषेत समजावलं होतं. "तुमच्या मार्केट यार्डातलं पोतं समज, दत्तू. धान्य आत भरलंय, पण वरच्या चिठ्ठीवर वजन लिहायच्या आधीच लाइट गेली. आता हा मापाडी म्हणतो, चिठ्ठी कोरी आहे, म्हणजे पोतं रिकामं."

अशाच एका पोत्यात माझी आई अडकली.

आई आयुष्यभर मळ्यात राबली. पहाटे तोडलेली शेवंती ओसरीवर ओतून ती माळा ओवत बसायची आणि ओवता ओवता गाणी जोडायची. ती गाणी कुठून आलेली नव्हती, तिचीच होती. त्यात कालच्या बाजारात कुणी तिला फसवलं ते यायचं, सासरी गेलेल्या माझ्या बहिणीचं यायचं, आणि मी गणिताचा मास्तर असून मला फुलांच्या माळा मोजता येत नाहीत हेही यायचं. सुध्या कित्येक वर्षं तिच्या मागे लागला होता. तिनं ऐकलं तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली. स्कूटरवर मागे बसवून तिला मी पंचवटीत आणलं. ओवायला हातात काही नसलं तर गाणं येणार नाही म्हणाली, म्हणून टोपलीभर शेवंती बरोबर आणली होती. माईकपुढे पाट, पाटावर आई, मांडीवर फुलं. सुध्या कॉम्प्युटरवर खटपट करत म्हणाला, "काकूंसाठी आज मोठं सेटिंग लावतो."

"मोठं म्हंजी काय रं, सुधाकर?"

"रोज आवाज पावशेराच्या मापानं घेतो काकू, आज पायलीनं घेणार."

"मंग सांडू नको म्हंजी झालं," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

तासभर ती गायली. सुध्याकडे लाइट गेल्यावर पाच-दहा मिनिटं काम भागवणारं बॅटरीचं खोकं होतं, पण ते केव्हाच बसलेलं होतं. आणि आई ऐन रंगात असताना दुपारची लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. आई गातच होती. तिला काय ठाऊक! संध्याकाळी लाइट आल्यावर सुध्यानं फाईल उघडायला घेतली आणि तो चौकोन आला. परत रेकॉर्ड करू म्हणून आईला विचारलं तर ती म्हणाली, "येकदा म्हनलं ना? पुन्यांदा मला तसं नाय येनार." पुढच्या गुरुवारी मनवू, शेवंतीचा तोडा झाला की मनवू, असं करता करता महिना गेला आणि तिला अर्धांगाचा झटका आला. त्यात तिची वाचा गेली. आणखी तीन महिन्यांनी ती गेली.

दहाव्याच्या दिवशी सुध्या आला. चारचौघांत येऊन माझ्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. मी तो हात झटकला. सगळे ऐकत असताना म्हणालो, "तुला लाइटची वेळ ठाऊक होती. पेपरात रोज छापून येते. दोन मिनिटं आधी तिला थांबवलं असतंस तर आज माझ्याकडे तिचा आवाज असता. तू सांडलास तो." सुध्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं असावं असं त्याचं तोंड अर्धवट उघडलं. मग तो फक्त "बरं" म्हणाला, उठला, दाराशी जाऊन चपला शोधल्या आणि गेला. माणूस दुःखात असला की बोलून जातो, असं लोक मला नंतर म्हणाले. मी दुःखात होतो हे खरं, पण मी तोलूनमापून बोललो होतो. लागावं म्हणूनच बोललो होतो.

पुढची तीन वर्षं आम्ही सभ्य माणसांसारखे वागलो, आणि मित्रांच्या बाबतीत याहून वाईट काही नसतं. माझ्या मुलीच्या लग्नाला तो आला, जेवला, आहेर देऊन गेला. जेवण कसं झालं, असं मी त्याला विचारलं आणि छान झालं, असं त्यानं मला सांगितलं. कुणाकुणाकडून कानावर यायचं, की सुध्या त्या आजारी फायलींच्या फार मागे लागलाय. मी एकदा निरोप पाठवला होता की पुसून टाक म्हणावं ते फोल्डर, मेलेल्याला औषध पाजून काय उपयोग. निरोप पोचला, उत्तर आलं नाही.

त्याच्या जाण्याच्या महिनाभर आधी तो मला याच भाजीबाजारात भेटला. वाळला होता. माझी बाही धरून म्हणाला, "दत्तू, एकदा ये ना घरी. एक तऱ्हा सापडलीय. चिठ्ठी वाचायचीच नाही, पोतं सरळ फोडायचं. फक्त आत काय माल आहे, कोणत्या मापाचा, ते आपण त्याला सांगायचं. नऊ फायली सुटल्या तशा. काकूंची तेवढी राहिलीय. उघडते रे, पण नुसत्या पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. तू ये, मला तुला एक विचारायचंय." मला शाळेत जायची घाई होती. घाई नसती तरी मी तेच म्हणालो असतो. म्हणालो, "बघू."

बघू... या शब्दाइतका हलकट शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले तेव्हा मी वहिनींना भेटायला गेलो. पुढची खोली तशीच होती. टेबलावर हेडफोन, त्याचं एका बाजूचं स्पंजचं आवरण फाटलेलं आणि त्यावर वहिनींनी शिवून बसवलेलं जुन्या साडीचं कापड. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, साऱ्या तालुक्याचे आवाज आहेत या घरात. यांचा तेवढा नाही." मला आधी कळेना. मग उलगडलं. सुध्यानं प्रत्येक फायलीतून स्वतःला नेमानं कापून काढलं होतं. माझ्या मुलीच्या लग्नाच्या सीडीत तो दिसतो, पण वर सगळा बँडबाजा. गाणाऱ्यांना दिलेल्या जुन्या मूळ कॅसेटी आम्ही पुढचे काही दिवस शोधल्या. दोन घरी सापडल्या. एकीवर नातवंडांनी बडबडगीतं भरली होती, दुसरीची फीत यंत्रात गुंतून तुटली. सोडवलेल्या त्या नऊ फायलींतूनही त्यानं आपलं बोलणं कापलेलं. आणखी दोन होत्या, त्या त्याच्या वहीतल्या नोंदीप्रमाणे खरोखरच रिकाम्या निघाल्या. 'आजारी' फोल्डरमध्ये एकच फाईल उरली होती.

शेवटी एक दिवस वहिनींनी वही माझ्यापुढे ठेवली. शेवटची कितीतरी पानं फक्त आईची होती. तारीख, लावलेलं माप, आणि पुढे 'गारा'. तारीख, माप, 'गारा'. रोजचं जे लहान सेटिंग, त्याच्या आसपासची सगळी मापं त्यानं लावून पाहिली होती; सगळ्यात मोठं तो एरवी वापरतच नसे, तिकडे तो वळलाच नव्हता. सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'दत्तूला विचारणे. त्या दिवशी मी कोणतं माप लावलं होतं? त्याला आठवत असेल.'

मला आठवत होतं. आई हसली होती ना! पायलीनं घेणार म्हणाला होता. शेकडो रेकॉर्डिंग करणारा तो, त्याच्या लक्षात कसं राहणार? पण मी ते कसं विसरणार होतो? तीन वर्षं तो ज्या एका उत्तरासाठी डोकं फोडत होता ते माझ्यापाशी होतं, आणि माझ्या घरापासून त्याच्या घरापर्यंत स्कूटरवर पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

त्याच्याच खुर्चीत बसलो. वहीत लिहिलेल्या पायऱ्या एकेक करून केल्या आणि मापाच्या जागी सगळ्यात मोठं सेटिंग निवडलं. हेडफोन लावायचा धीर झाला नाही, म्हणून आवाज स्पीकरवर ठेवला. वहिनी आत चहा टाकायला गेल्या होत्या. आधी एक 'टक्' झालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग सुध्या, अगदी जवळून, नाक किंचित चोंदलेलं... "नमस्कार. आज गुरुवार. ठिकाण पंचवटी, आपलीच खोली. आज दत्तूच्या आई गाणार आहेत. एवढ्या वर्षांनी जमलंय. सकाळी काकूंनी मळ्यातल्या वांग्यांचं भरीत आणलं, ते मी एकट्यानंच संपवलंय. आवाज येतोय का?"

"येतोय, बोला," वहिनी आतून म्हणाल्या.

रेकॉर्डिंगमधल्याही म्हणाल्या, आणि आतल्याही. सवयीनं, एकाच वेळी. मग आत पातेलं पडलं. वहिनी मधल्या दारात आल्या आणि चौकट धरून तिथेच खाली बसल्या. मी बंद करायला गेलो तर त्यांनी हातानं नको म्हणून सांगितलं.

नंतर आई गायली. बाजार आला, बहीण आली, माझ्या गणिताची चेष्टा आली. मध्ये कुठेतरी टोपलीतून फुलं उपसल्याची सळसळ येत होती. मी रडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदलोही होतो. सांडलं नव्हतं. सुध्यानं एक थेंबसुद्धा सांडला नव्हता. आणि तासाच्या शेवटी, आईचं एक गाणं संपून ती घोटभर पाणी पीत असताना, सुध्याचा हळू आवाज आला, "काकू, जरा थांबता? लाइटची वेळ झालीय. एवढं सेव्ह करून घेतो, मग पुढचं."

त्यावर दुसरा एक आवाज आला. तो ओळखायला मला क्षणभर लागलं, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून परकाच वाटतो. "राहू दे रे, सुध्या. रंगात आलीय, तिला तोडू नकोस. पाच मिनिटांनी काय होतंय?"

त्यानं थांबवलं होतं. मी थांबू दिलं नव्हतं. आईचं हसणं माझ्या लक्षात राहिलं आणि हे मी साफ विसरलो होतो. आपली स्मरणशक्ती आपल्याला सांभाळून घेते, एवढंच खरं. पण सुध्या विसरला नव्हता. दहाव्याला चारचौघांत मी त्याला बोललो तेव्हा त्याच्या अर्धवट उघडलेल्या तोंडात हेच होतं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण मग आईचा आवाज घालवल्याचा डाग माझ्यावर आला असता, आईच्याच दहाव्याला. तो त्यानं स्वतःकडे ठेवून घेतला आणि तीन वर्षं त्या फायलीशी झगडत बसला.

बहिणीला आईच्या गाण्यांची सीडी हवी होती. सुरुवातीचं ते बोलणं कापून दे म्हणाली. मी कापलं नाही, शेवटचंही नाही. पोस्टमनचा नियम मोडला, सुध्या असता तर चिडला असता. वहिनी रोज सकाळी चहा घेताना तेवढी सुरुवात ऐकतात आणि उत्तर देतात. मी मात्र शेवटाकडे जातो. "पाच मिनिटांनी काय होतंय," असं मी म्हणतो आणि त्यानंतर दोन श्वासांएवढी शांतता आहे. त्या शांततेत तो मला नाही म्हणू शकला असता. म्हणेल म्हणून मी अजूनही कान देऊन बसतो. आई नवी फुलं मांडीवर ओढते, त्यांची सळसळ होते, आणि मग माझा मित्र म्हणतो, "बरं."